तिसरी हाक

लिमये बाईंना मी पाहिलं त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा आवाज ओळखत होते. दुपारी सांगलीच्या रेडिओवर शाळेच्या मुलांसाठी पाठ लागायचा. आई सोप्यात वाकळ शिवत बसलेली असायची. कोनाड्यातल्या त्या डब्यातून एक बाई स्वच्छ, सावकाश आवाजात काहीतरी समजावून सांगायची आणि मग म्हणायची, "आता तुम्ही सांगा." एवढं म्हणून ती थांबायची. त्या थांबण्यात नुसती खरखर ऐकू यायची. कुणीतरी श्वास रोखून आपल्या उत्तराची वाट बघत आत बसलंय, असं मला वाटायचं आणि मी वाकळेखाली पाय ओढून घ्यायची. थोड्या वेळानं ती बाई म्हणायची, "छान." उत्तर कुणी दिलं, ते मला कधी कळलं नाही.

मग एका सकाळी मी हापशावरून कळशी घेऊन येत होते. एसटीतून उतरलेली एक बाई रस्त्यात उभी होती. अंगावर सुती पातळ, हातात ट्रंक, गळ्यात मफलर. "बाळ, गणपतीचं देऊळ कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. आवाज डब्यातला होता. ती थांबली, अगदी तशीच आणि तेवढीच. मी हातानं दिशा दाखवली. "छान," ती म्हणाली आणि निघून गेली. मी घरी पोचले तेव्हा कळशी अर्धी सांडली होती.

बाई सांगलीच्या एका मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना दम्याचा त्रास होता. नदीकाठची ओल सोसत नाही, कोरड्या हवेत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून त्या विट्याकडच्या आमच्या माळावरच्या गावात आल्या. देवळामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. रेडिओचे पाठ मात्र सोडले नव्हते. अधूनमधून त्या सांगलीला जायच्या, एकदम पुष्कळ पाठ बोलून यायच्या आणि ते पुढं कित्येक आठवडे लागत राहायचे.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. मी, मंगल आणि शालन अशा तिघी विट्याला जाऊन नववीपर्यंत शिकलो होतो. पण वाट लांबची, मधे ओढा आणि ओसाड माळ. पोरी मोठ्या झाल्या म्हणून तिन्ही घरांनी एकदमच पुरे म्हटलं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या घरोघर गेल्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं.

आमच्या भागातले बरेच पुरुष दूरच्या शहरांत गलाईच्या धंद्यात असतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. माझे वडीलही दक्षिणेत कुठंतरी गलाईच्या दुकानात होते. आईला वाचता येत नसे, म्हणून पत्राऐवजी त्यांची कॅसेट यायची. गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती पाठवायचे. ती लागली की आई पदर सारखा करून टेपसमोर बसायची आणि "बरी हाय का?" असं टेपमधून आलं की "हाय की," म्हणायची. बाईंचं म्हणणं तिनं कॅसेटीतूनच वडिलांना कळवलं. दिवाळीला उलट कॅसेट आली: "बसू दे तिला एक डाव. पास झाली तर शिकू दे म्होरं. न्हाई झाली तर उन्हाळ्यात लगीन उरकायचं. मग मला कुणी इचारायचं न्हाई."

एक डाव. माझ्या वाट्याला तेवढंच होतं.

बाईंच्या बाहेरच्या खोलीत चटया पसरलेल्या असत. समोर स्टुलावर रेडिओ आणि रेडिओशेजारी एक रिकामा पाट. त्या पाटावर कुणी बसायचं नाही. पहिल्या दिवशी शालन बसली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तिथं नको. ती त्या बाईंची जागा."

"कंच्या बाईंची?"

"आता येतील त्यांची."

पाठ सुरू झाला आणि रेडिओतून बाईच बोलू लागल्या. खऱ्या बाई आमच्याबरोबर चटईवर बसून, मान कलती करून ऐकत होत्या. रेडिओतल्या बाईंनी प्रश्न विचारला आणि त्या थांबल्या. आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. तेव्हा खऱ्या बाईंनी हात वर केला, उभ्या राहिल्या आणि रिकाम्या पाटाकडं बघून स्वच्छ आवाजात उत्तर दिलं. "छान," रेडिओ म्हणाला. बाई खाली बसल्या. मंगलनं माझा दंड धरला होता, त्याचे वळ घरी जाईपर्यंत गेले नाहीत.

"त्या बाईंना तुम्ही दिसत नाही," बाई नंतर म्हणाल्या. "भिंतीशी बोलल्यासारखं बोलतात बिचाऱ्या. म्हणून आपण उत्तर द्यायचं. पाठ नुसता ऐकला तर तो ज्याचा त्याच्याकडं परत जातो."

रेडिओतल्या स्वतःला त्या नेहमी 'त्या बाई' म्हणत, आणि त्यांच्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "आज फार भरभर बोलल्या. घरी जायची घाई असेल." किंवा, "हे उदाहरण त्यांना नीट जमलेलं नाही, मी परत सांगते." शालनचे वडील एकदा तिला न्यायला आले, तेव्हा पाठ चालू होता. ते दारातच थबकले. रेडिओकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"आवं बाई, तुमी हितं, आन त्यात बी तुमीच?"

"त्यात त्या बाई. मी ही."

"मग खरी कंची म्हनायची?"

"जिला चहा लागतो ती," बाई म्हणाल्या. "शालन, वडिलांना चहा टाक."

हजेरीची त्यांची पद्धत ठरलेली होती. एकेकीचं नाव घ्यायचं, तिनं "ओ" द्यायची, मग बाई म्हणणार, "बस." तोवर उभंच राहायचं. मी मात्र सुरुवातीला पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे. एक दिवस बाई चिडल्या. "सुरेखा, तीन तीनदा हाका माराव्या लागतात तुला. ऐकू येत नाही का?"

मंगलनंच सांगून टाकलं. "बाई, तिची आई म्हणती, पैल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. गेलेलं मानूस हाक मारतंय. ओ दिली की नेतंय बरूबर."

"आणि दुसऱ्या हाकेला?"

"दुसरीला बी न्हाई," मी म्हणाले. "त्यांस्नी तिसरी हाक मारता येत न्हाई. तिसरी आली म्हंजी मानूस जितं हाय."

मला वाटलं, त्या हसतील. शिकलेली माणसं अशा गोष्टींना हसतात. पण त्या म्हणाल्या, "चांगला नियम आहे. पण माझ्या वर्गात दिवसाउजेडी पहिल्या हाकेला ओ द्यायची. मी जिवंत आहे, चहा पिते." त्या दिवसापासून मी पहिल्या हाकेला ओ देऊ लागले. घरी मात्र जुनीच सवय राहिली.

रेडिओच्या कामासाठी बाई सांगलीला गेल्या की मागं आमच्यासाठी कॅसेट ठेवून जात. त्यांच्याकडं टू-इन-वन होता, त्यावर स्वतःच पाठ भरत. किल्ली मंगलकडं असे. आम्ही खोली उघडायची, चटया टाकायच्या, बटण दाबायचं आणि रिकाम्या खोलीत बाई हजेरी घ्यायला लागायच्या. "मंगल." ओ. "बस." आमच्या तिघींच्या उत्तरांसाठी त्यांनी जागा सोडलेली असे, आणि ती जागा सारखी नसे. मंगलसाठी अगदी थोडी, कारण ती फटकन बोलायची. शालनसाठी इतकी लांब की टेप बंद पडला की काय असं वाटावं. शालनला उत्तर सुचायला एक कांदा चिरण्याएवढा वेळ लागतो, असं बाई म्हणत. तेवढा वेळ त्या टेपमध्येही खरोखर थांबलेल्या असत. शालनचं उत्तर संपायला आणि त्यांनी "बरोबर" म्हणायला एकच गाठ पडे.

एकदा बीजगणिताचा पाठ होता. मी गणित फळ्यावर लिहून कंस सोडवला आणि उत्तर मोठ्यानं वाचलं. क्षणभर खरखर झाली. मग टेप म्हणाला, "सुरेखा, चिन्ह बदलायचं विसरलीस."

मी फळ्याकडं पाहिलं. विसरलेच होते.

मंगल उठली आणि तिनं आतली खोली बघितली, दाराआड बघितलं, मोरीतसुद्धा बघितलं. "बाई, तुमी हाय का हितं?" ती रडवेली होऊन म्हणाली. टेपमधून पुढचं गणित आलं. बाई परत आल्यावर आम्ही विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय? सुरेखा कंसाबाहेर वजा दिसला की नेहमी घसरते." त्यांना ते साधं वाटत होतं. पण आपण उद्या काय चुकणार ते कुणीतरी आजच बोलून ठेवलंय, ही गोष्ट माझ्या मनातून पुष्कळ दिवस गेली नाही.

त्या थंडीत बाईंचा खोकला वाढला. वर्ग बंद झाला नाही, पण दुपारी त्या दार लावून घेऊन कॅसेटी भरत बसत. खोकला आला की टेप बंद करायचा, उबळ गेली की परत चालू. बाहेरून एवढंच ऐकू यायचं: बोलणं, खट्, खोकला, खट्, बोलणं. आणि मधेच मोठी शांतता, आणि तिच्यानंतर "बरोबर."

एका दुपारी मी त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन गेले. देवळाच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. दाराला फट होती. आत बाई स्टुलाजवळ पाठमोऱ्या बसल्या होत्या, समोर आमच्या तीन चटया नीट पसरलेल्या. त्या रिकाम्या चटयांकडं बघून त्या हजेरी घेत होत्या. "मंगल," म्हणाल्या. थांबल्या. परत "मंगल." मला वाटलं, खोकल्यानं आवाज नीट येत नसेल म्हणून पहिल्यापासून घेतायत. "शालन"चंही तसंच. मग माझं नाव आलं. रिकाम्या चटईला कुणी माझ्या नावानं हाक मारतंय आणि मी दाराबाहेर उभी आहे, हे काही मला सहन होईना. परत नाव आलं. मग परत. माझे ओठ हलले एवढं कळलं. आवाज फुटला की नाही ते कळलं नाही. कळशी कडेवर घेऊन मी तिथंच पायरीवर खाली बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा भाचा आला आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात घेऊन गेला. एसटीत चढताना त्या मंगलला म्हणाल्या, "पाठ चुकवायचे नाहीत. त्या बाई आहेतच."

बाई गेल्याचं सकाळच्या गाडीनं आलेल्या कंडक्टरनं सांगितलं. दुपारी आम्ही तिघी शालनच्या घरी रडत बसलो होतो. पाठाची वेळ झाली. पाठ चुकवायचा नाही असं त्या सांगून गेल्या होत्या, म्हणून मंगलनं रेडिओ लावला. दुसरं काहीतरी लागेल असं आमच्या मनात होतं.

"विद्यार्थी मित्रांनो," बाई म्हणाल्या.

शालनची आई चुलीपासून उठून आली. बाई शांतपणे शिकवत होत्या. आवाजात खोकल्याचा मागमूस नव्हता. कितीतरी आठवड्यांपूर्वी, बऱ्या असताना बोलून ठेवलेला पाठ होता तो. आम्हाला ते माहीत होतं. माहीत असून उपयोग होत नव्हता. "आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"कुनी तोंड उघडू नगा," शालनची आई पुटपुटली. तिला रेडिओ बंद करायचा होता, पण बटणाला हात लावायचा धीर होईना. तिनं शेणाची पाटी उचलली आणि रेडिओवर पालथी घातली. पाटीखालून आवाज आला, "छान."

त्यानंतर गावात बोलणं सुरू झालं. देवळामागच्या बंद खोलीत दुपारी कुणीतरी हजेरी घेतंय, असं गुराख्यांनी सांगितलं. खोली रिकामी करायला भाचा आला तेव्हा त्यानं टू-इन-वन आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आमच्या घरी आणून दिला. डब्यात कॅसेटी होत्या. "आत्यानं सांगितलंय, हे मुलींचं. परीक्षेपर्यंतचं सगळं भरलंय म्हणाली." आईनं डबा घरात घेतला नाही. गोठ्यात, गव्हाणीवरच्या फळीवर ठेवला. मंगल आणि शालनला तर त्यांच्या घरच्यांनी आमच्या अंगणातही पाठवणं बंद केलं.

परीक्षा जवळ येत होती. बीजगणित निम्मं राहिलं होतं, इंग्रजी त्याहून जास्त. गावात विचारायला कुणी नव्हतं. मी पुस्तक उघडून बसायची आणि ओळी नुसत्या डोळ्यांपुढून जायच्या. एक दिवस मी आईला म्हणाले, "आये, मी ओ देत न्हाई. गप ऐकते नुसती."

"आन बाई तुझं नाव घेतील तवा? तोंड दाबून धरशील?"

"धरीन."

"गेलेल्या मानसाची हाक हाय ती, सुरे. बाई देवमानूस हुत्या, मी काय न्हाई म्हनत न्हाई. पर गेल्या न्हवं?"

"नापास झाले तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या झाल्यावर आईनं स्वतः गोठ्यातून डबा आणला. चुलीत जाळ ठेवला. टेप उंबऱ्याजवळ, उन्हात ठेवला. मला आपल्याजवळ ओढून घेतलं, मांडीशेजारी राखणीला लोखंडी इळा ठेवला आणि म्हणाली, "लाव."

मी सगळ्यात वरची कॅसेट घातली. खट् आवाज झाला. मग श्वास. मग बाई.

"मंगल."

आईचा हात माझ्या तोंडावर आला. तिच्या बोटांना पिठाचा वास होता. खरखर चालली होती.

"मंगल," बाई परत म्हणाल्या. आणि जरा थांबून पुन्हा, "मंगल." थोडी जागा सोडून, "बस."

आईची पकड जराशी सैल झाली. ती टेपकडं रोखून बघत होती.

"शालन." लांब शांतता. "शालन." चुलीत लाकूड तडकलं. "शालन." आणि मग, "बस."

"सुरे," आई हळूच म्हणाली, "बाई आदी बी तीनदा हाक मारीत हुत्या व्हय?"

मी नकारार्थी मान हलवली. आधीच्या कॅसेटींत एकदाच असे. मला ती दुपार आठवली. खोकल्यामुळे परत परत घेतायत असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की ही कॅसेट लागेल तेव्हा आपण नसू. आणि आईचा नियमही त्यांना ठाऊक होता.

"सुरेखा."

आईनं इळा बाजूला सारला.

"सुरेखा."

तोंडावरचा हात तिनं काढला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"सुरेखा."

"ही तिसरी," आई म्हणाली. "दे ओ."

मी श्वास घेतला. पण त्याआधीच टेपमधून आवाज आला. बारीक, लांबचा, दाराआडून आल्यासारखा.

"ओ."

आई जागच्या जागी गोठली. टेपमध्ये कुणीतरी किंचित हसलं आणि बाई म्हणाल्या, "बस."

बाईंनी पाठ सुरूही केला होता. मग आईनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "तुझाच हाय गं त्यो आवाज?"

"व्हय," मी म्हणाले. "मी पानी घिऊन गेलते. भाईर हुते. बाई आत बसल्या हुत्या तवा."

"जित्या हुत्या?"

"व्हय."

आईनं पदरानं कपाळ पुसलं. "मग त्यांच्या जित्तेपनीच ओ दिलीस की तू. आता काय भ्यायचं?" ती उठली, इळा आढ्याला खोचला आणि शालनच्या घराकडं चालू लागली. जाताना मागं वळून म्हणाली, "थांबीव ती. पोरीस्नी आनते. तीनदा बोलवलंय बाईंनी."

आम्ही तिघी त्या उंबऱ्यावर बसून दहावी शिकलो. बाई विचारत, थांबत. आम्ही उत्तर देत असू. माझं चिन्ह चुकलं की त्या सांगत. दिवस जातील तसे टेपमधले खट् खट् आवाज वाढत गेले, बोलण्यापेक्षा तेच जास्त होऊ लागले, पण पाठ शेवटपर्यंत पुरला. निकाल लागल्यावर वडिलांची कॅसेट आली. "शिकू दे," एवढंच होतं तिच्यात, बाकी सगळी खरखर. आई त्या खरखरीलाही "व्हय, व्हय" म्हणत होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली आणि पदवी घेतलेली मी पहिली. आज साताऱ्यात शिकवते. हजेरी घेताना प्रत्येक नावापुढं किती थांबायचं, ते मी बाईंकडून शिकले.

ती कॅसेट आता झिजली आहे. मी ती लावत नाही. लावायची गरजही नाही, कारण त्यात जे भरता आलं नाही आणि भीतीनं मला तेव्हा उमगलं नाही, तेच आता मला लख्ख दिसतं. भर दुपार. दाराची फट. माझ्या तोंडून ओ निघून गेलेली. बाईंनी मान वळवून दाराकडं पाहिलं. टेपची चाकं फिरत होती. त्या हसल्या, एक बोट ओठांवर ठेवलं, पुन्हा माझ्या रिकाम्या चटईकडं वळल्या आणि म्हणाल्या, "बस."

आणि मी बाहेर, उन्हात, पायरीवर खाली बसले.